हवेच्या कंपनीला न आवडलेला श्वास

“हा जो शेवटी श्वास आहे ना, तो थोडा हेल्दी करता येईल का?”

ईशाननं हे विचारलं तेव्हा मी स्पीकरचा आवाज कमी करत होते. हात तिथेच थांबला. मी मिक्सिंग इंजिनिअर आहे. म्हणजे गाण्यातलं प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक आवाज वेगवेगळा रेकॉर्ड झालेला असतो, तो एकत्र आणून कोण पुढे, कोण मागे, कोण किती मोठ्यानं, हे ठरवणारी. या कामात क्लायंटनी मला आजवर पुष्कळ काही सांगितलं आहे. गिटार जरा निळी करा. तबला तरुण वाटू द्या. गायिकेचा आवाज आहे तोच ठेवा, पण वेगळा. मी बटणं फिरवते आणि क्लायंट ‘आता कसं!’ म्हणत खूश होतात. बऱ्याचदा बटणं न फिरवताही होतात. पण श्वास हेल्दी करायची मागणी पहिलीच.

“हेल्दी म्हणजे?”

“म्हणजे बघ, ऐकायला आजारी वाटतोय. घरघर आहे त्यात. आमचा प्रॉडक्ट काय, क्लीन एअर. आणि अल्बम संपतो कशावर, तर कुणालातरी हवा मिळत नाहीये. टोटली ऑफ-ब्रँड.”

ईशान एअर प्युरिफायर बनवणाऱ्या कंपनीचा ब्रँड हेड. कंपनी खराडीत. मीटिंग रूम इतकी उंचावर, की खिडक्या उघडण्याची सोयच नाही. कोपऱ्यात त्यांचंच मशीन, त्यावर हवा शुद्ध असल्याचा हिरवा दिवा. काचेपलीकडे खोदकाम चाललेलं, सगळा आसमंत पिवळट. ती धूळ पाहून मला वाटलं, या कंपनीला जाहिरातीची गरजच काय? समोरचा बिल्डर करतोय की फुकटात.

माझ्या शेजारी निनाद होता. निनाद ‘बोगदा’ या रॉक बँडचा गिटारवाला, गीतकार आणि म्होरक्या. कात्रजची चार पोरं, आता चौघंही आयटीत. गाण्यात व्यवस्था उलथवून टाकतात आणि सोमवारी सकाळच्या मीटिंगला वेळेवर लॉगिन करतात. मला त्यांचं संगीत आवडतं. त्यांचं धैर्य मी रोज मोजायला जात नाही.

अल्बम होता ‘घुमटनगर’. त्याच नावाची चार भागांची विज्ञान कादंबरी विमल पाटणकर यांनी फार पूर्वी लिहिली. विमलताई शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. कादंबरीतलं नगर मंगळावर, काचेच्या घुमटाखाली. तिथली हवा ‘प्राणदा मंडळ’ पुरवतं. प्रत्येकाच्या गळ्यात मीटर. जेवढा श्वास, तेवढा कर. धावलं की जास्त, भांडलं की त्याहून जास्त, आणि रडणं सगळ्यात महाग. म्हणून घुमटनगरातल्या आया मुलांना रडूच देत नाहीत. कर थकला की मीटरमधून मंडळाचं गोड गाणं वाजतं आणि हवा बंद होते. चौथ्या भागाच्या शेवटी माणसं गळ्यातले मीटर काढून एका खड्ड्यात फेकतात. पुढे ती जगली की मेली, हे पुस्तक सांगत नाही. अंधारात एक श्वास ऐकू येतो, तिथे कादंबरी संपते.

चारही भाग आता बाजारात मिळत नाहीत. निनादला ते रद्दीच्या दुकानात मिळाले आणि त्यावर त्यानं गाणी रचली. परवानगी मागायला आम्ही विमलताईंच्या सहकारनगरच्या फ्लॅटवर गेलो, तेव्हा त्यांनी एकच अट घातली.

“शेवट बदलायचा नाही. बाकी काय धिंगाणा घालायचा तो घाला. मला नाहीतरी एका कानानं कमीच ऐकू येतं.”

मग निघताना म्हणाल्या, “पण जरा लवकर करा. पुस्तकं संपली, प्रकाशक संपले, मीही काही थांबून राहणार नाही. कुणीतरी ते शेवटपर्यंत ऐकतंय, एवढं बघायचंय मला.”

तो श्वास त्यांचाच. आमचा स्टुडिओ धायरीत, पहिल्या मजल्यावर. एकदा त्या गाणी ऐकायला आल्या आणि जिना चढून माईकसमोरच्या खुर्चीत टेकल्या. त्यांना जुना दमा आहे. मी तेव्हा माईक तपासत होते आणि रेकॉर्डिंग चालू होतं. हेडफोनमध्ये तो आवाज आला. आत जाताना बारीक शिट्टी, मध्ये एक अडखळ, बाहेर येताना बोहारणीनं पिशवी झटकावी तसा. मी पुसायला लागले, तर म्हणाल्या, “अगं, पुसतेस काय? घुमटनगरातली माणसं अशीच श्वास घेतात. तुमच्या ड्रमरचा घेतला असतास तर व्यायामशाळेची जाहिरात झाली असती.”

त्यांचा श्वास शेवटच्या गाण्यात गेला. गिटार थांबते, ड्रम थांबतात, आणि तो उरतो. ते गाणं ऐकून निनाद रडला होता. घुमटनगरात त्याला परवडलं नसतं.

आता प्रश्न असा, की हवेची कंपनी हवा विकणाऱ्या मंडळाविरुद्धच्या अल्बमला पैसे का देते? उत्तर सोपं आहे. त्यांनी काही वाचलं नव्हतं. निनादच्या ऑफिसातल्या कुणीतरी ओळख करून दिली, ईशाननं ‘हवा’ हा शब्द ऐकला आणि त्याला थीम सापडली. चार भागांचा सारांश त्यानं एआयकडून काढून घेतला, त्याची एक स्लाइड झाली, आणि त्या स्लाइडवर लिहिलं होतं: ‘माणसाचं हवेशी असलेलं नातं.’ ती स्लाइड तीन साहेबांनी पाहिली. तिघांना रंग आवडला. झालं मंजूर.

तर, मीटिंग रूम. श्वासावर ईशान थांबला नव्हता.

“आणि लास्ट साँगमध्ये ते मीटर फेकून देतात ना, तिथे एक थॉट होता. फेकण्याऐवजी त्यांना नवीन मॉडेल मिळालं तर? अपग्रेड. होप पण राहील.”

माझ्या घरी पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. आई कामगार युनियनच्या गेटसभांच्या पत्रकांच्या घड्या घालायची, मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे असं काही ऐकलं की माझा आवाज आपोआप एक पट्टी वर जातो.

“तुम्ही कादंबरी वाचलीये का?”

टेबलाखाली निनादनं माझा पाय दाबला.

“फुल नाही,” ईशान प्रसन्न हसला. “पण थीम कळली ना.”

“थीम तुम्ही आहात.”

“एक्झॅक्टली!” ईशान म्हणाला. “आम्हीही तेच म्हणतोय.”

अशा माणसाशी भांडता येत नाही. फटका मारावा तर तो त्याची उशी करून टेकतो.

एक गोष्ट मात्र त्याला मनापासून आवडली होती. अल्बममधलं तिसरं गाणं. कर थकल्यावर मीटरमधून वाजणारं मंडळाचं गाणं ते हेच. निनादनं ते मुद्दाम इतकं गोड केलं होतं, की ऐकून दात आंबावेत. लहान मुलांचा कोरस, घंटा, बासरी. ‘श्वास तुझा, काळजी आमची.’ ईशान ते गुणगुणत आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला आला.

लिफ्टचं दार मिटलं आणि आमचं सुरू झालं.

“सई, एका श्वासाचा तर प्रश्न आहे,” निनाद म्हणाला.

“श्वासकर लावला तेव्हा मंडळही हेच म्हणालं होतं. दुसरा भाग, पहिलंच पान. तू वाचलायस ना?”

“टोमणे नको मारूस. यांनी हात काढला तर अल्बम येणारच नाही. विमलताईंना काय सांगू? तत्त्व टिकलं, फक्त गाणी नाहीत?”

“आणि श्वास बदलला तर काय सांगशील? गाणी आहेत, फक्त तुम्ही नाही?”

सोबत लिफ्टमध्ये गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक गृहस्थ होता. तो आमच्याकडे असा बघत होता, जणू आम्ही कुणाच्या व्हेंटिलेटरबद्दल बोलतोय.

निनादनं मधला मार्ग काढला. आयटीतली माणसं मधला मार्ग काढण्यात पटाईत असतात, त्याचा त्यांना पगार मिळतो. दोन्ही व्हर्जन करायची आणि आलटूनपालटून ऐकायची, कुठलं कुठलं ते न सांगता. याला आमच्याकडे एबी म्हणतात. कानाला पूर्वग्रह नसावा म्हणून.

आधी मी जुनाच श्वास ‘स्वच्छ’ करून पाहिला. डीनॉइज नावाचं सॉफ्टवेअर असतं. पंख्याचा, गाड्यांचा, विजेचा नको असलेला आवाज ते ओळखून पुसतं. विमलताईंचा श्वास मी त्यात घातला. सॉफ्टवेअरनं शिट्टी पुसली, अडखळ पुसली, घरघर पुसली, आणि काहीच उरलं नाही. सॉफ्टवेअरच्या मते ती बाई म्हणजे सगळा बिघाडच.

मग कंपनीनं योगशिक्षिका पाठवली. गुणी बाई होत्या, त्यांचा काही दोष नाही. माईकसमोर बसल्या, डोळे मिटले आणि असा सुंदर श्वास घेतला, की काचेपलीकडे मलाही गुंगी आली. समुद्राची लाट यावी आणि जावी.

तो श्वास गाण्यात लावला. निनादनं ऐकला. माणसं मीटर फेकतात, अंधार होतो, आणि मग कुणीतरी निवांत पाय पसरून मालिश करून घेतंय असं वाटतं.

“स्पा,” निनाद म्हणाला.

“कुठलं व्हर्जन ते मी अजून सांगितलं नाहीये.”

“गप गं.”

पण तरी त्याचं म्हणणं होतं, की दोन्ही पाठवू, कंपनी ठरवेल. मी म्हटलं, कंपनीनं काय ठरवायचं ते ठरवून झालंय. आणि अट विमलताईंची आहे. त्यांना न सांगता माझ्याकडून कुठलीही फाइल जाणार नाही. सांगायचं काम तुझं, मी फक्त लॅपटॉप धरीन.

विमलताईंनी हेडफोन चढवले, चांगला कान पुढे केला आणि दोन्ही ऐकलं. ही दुसरी मुलगी कोण, विचारलं. निनादनं सगळं सांगितलं. सांगताना तो जमिनीकडे बघत होता. शाळेत बाईंसमोर उभा असल्यासारखा.

“म्हणजे हवेच्या कंपनीला माझा श्वास चालत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि मीटरचं नवीन मॉडेल पाहिजे. बरं. त्यांना आवडलंय काय यातलं?”

“‘श्वास तुझा, काळजी आमची’,” मी म्हटलं.

“ते? मंडळाचं?” त्यांनी हेडफोन काढले. “त्या गाण्यावर माणसं मरतात, हे ठाऊक आहे का त्यांना?”

“स्लाइडवर नव्हतं.”

“मग देऊन टाका ना. वापरा म्हणावं जाहिरातीला. बदल्यात बाकी काही हलवायचं नाही.”

मला राग आला. मी म्हटलं, ताई, तुमचं गाणं त्यांच्या जाहिरातीला द्यायचं म्हणजे विकलं जाणंच झालं. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

“अगं, माझं कुठे? ते मंडळाचं आहे. ज्याचं त्याला देतेय.”

त्या स्वतः खराडीला आल्या. ईशान दाराशी सामोरा आला.

“या या आजी! तुमची बुक्स म्हणजे लव्हली.”

“मी आपली आजी नाही. शाळेत सगळे बाई म्हणायचे, आपणही तेच म्हणा. आणि लव्हली कुठला भाग वाटला आपल्याला?”

“ओव्हरऑल.”

“अस्सं. ओव्हरऑल कुणाला आवडलंय, हे मी आजच पाहतेय.”

बसल्यावर त्यांनी लपवाछपवी केली नाही, हे मला इथे नोंदवायचं आहे. मला वाटलं होतं, गुपचूप गाणं गळ्यात मारतील. त्यांनी सरळ सांगितलं. हे गाणं कंपनीसाठी योग्य नाही. कादंबरीत ज्यांनी कर भरला नाही त्यांची हवा तोडायच्या आधी हे वाजतं. हे ऐकत माणसं गुदमरतात.

ईशान क्षणभर विचारात पडला. मला वाटलं, गेलं.

“पण ट्यून पॉझिटिव्ह आहे ना?” तो म्हणाला.

“फारच,” विमलताई म्हणाल्या.

“मग चालेल. बाई, फ्रँकली सांगतो, आजकाल इतकं कोण वाचतं?”

“खरंय. मला त्याचं फार वाईट वाटायचं. आज तेवढं वाटत नाहीये.”

सौदा झाला. तिसरं गाणं कंपनीला जाहिरातीसाठी. बाकी अल्बमला हात नाही. करार करणाऱ्या मॅडमनी विचारलं, की श्वासाचं वर्णन काय लिहायचं? कंपनीला पुढे वाद नको होता. विमलताई म्हणाल्या, “दम्याचा. लेखिकेचा. आहे तसा.” मॅडमनी तसंच लिहिलं. कंपनीच्या कायदा विभागानं इतकं स्वच्छ मराठी वाक्य त्याआधी लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

अल्बम आला. विमलताईंनी तो घरी, शेजाऱ्यांना बसवून ऐकला. शेवटी श्वास आला तेव्हा शेजारचे काका घाबरून त्यांच्याकडे बघायला लागले. विमलताईंना फार समाधान वाटलं.

जाहिरातही आली. सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये, मॉलमध्ये, चौकातल्या पडद्यांवर. गोड मुलं, बासरी, ‘श्वास तुझा, काळजी आमची’. धायरीतली शाळकरी पोरं रिक्षात ते म्हणत जायची. मला प्रत्येक वेळी शहारा यायचा. इथपर्यंत कंपनी जिंकली असंच म्हणावं लागेल.

मग कंपनीनं असं काही केलं, जे सुचायला विमलताईंना चार भाग लागले होते.

त्यांच्या मशीनला फिल्टरचं सबस्क्रिप्शन असतं. वर्गणीच म्हणा. ती संपली की मशीन बंद पडतं. फिल्टर चांगला असला तरी पडतं. आधी त्यातून नुसता टीं-टीं आवाज यायचा. लोक त्याकडे लक्ष देत नाहीत म्हणून कुणीतरी सुचवलं, की आता आपलं छान गाणं आहेच, तेच घाला. कुणी सुचवलं ते मला माहीत नाही. त्या माणसानं कादंबरी वाचली नव्हती, याची मी शपथ घेऊ शकते. वाचून असं करायची कुणाची हिंमत झाली नसती.

तर घरोघरी, वर्गणी थकली की मशीनमधून लहान मुलं गोड आवाजात गायची, हिरवा दिवा विझायचा आणि हवा बंद.

पहिला व्हिडिओ खराडीतल्याच एका बाईंनी टाकला. त्यांनी अल्बम ऐकला होता. मशीन गातं, बंद पडतं, आणि मागून त्यांचा मुलगा विचारतो, “आई, आता आपण मरणार का?” त्या व्हिडिओच्या शेवटी त्यांनी आमचं शेवटचं गाणं लावलं होतं. ड्रम थांबतात, श्वास उरतो. मग लोकांनी रांगच लावली. कुणी मशीनला हार घातला. कुणी ते सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यापाशी नेऊन ठेवलं आणि आजूबाजूला टाळ्या. घुमटनगरचे चारही भाग कुठे मिळतील, असं लोक निनादला विचारू लागले. रद्दीच्या दुकानांत ते शोधणारी माणसं दिसायला लागली.

ईशानचा फोन मला आला.

“सई, त्या गाण्याचं एक नवं व्हर्जन मिळेल? थोडं कमी… म्हणजे, लोकांना ते धमकीसारखं वाटतंय.”

“धमकीच आहे ती. बाईंनी समोर बसून सांगितलं होतं.”

“हो, पण त्या रायटर आहेत. त्यांना तसं वाटणारच.”

मी म्हटलं, वाद्यं सगळी वेगवेगळी आहेत माझ्याकडे. बासरी काढू? घंटा काढू? मुलं काढू? त्यानं विचारलं, मुलं काढल्यावर काय उरतं? मी म्हटलं, बिल.

मशीनमध्ये परत टीं-टीं आलं. ईशानचं काही वाकडं झालं नाही, हे सांगायला हवं. मला आवडलं असतं झालं तर. उलट एका परिषदेत त्यानं भाषण केलं, की ही मोहीम आपण मुद्दामच उपरोधिक केली होती, ब्रँडला स्वतःवर हसता आलं पाहिजे. त्याला बढती मिळाली. वर्गणी संपली की मशीन आजही बंद पडतं. त्यावर मी एक पत्रक लिहिलं आहे, ज्यांना हवं त्यांनी मागून घ्यावं.

विमलताईंना मी हे सगळं सांगायला गेले. त्यांनी व्हिडिओ पाहिले, चहा संपवला.

“मशीन गाणं म्हणून हवा बंद करतं, हा प्रसंग मी लिहिला तेव्हा परीक्षणात काय आलं होतं, माहितीये? लेखिका इथे वास्तवाची मर्यादा ओलांडतात.”

आता एक नवा प्रकाशक चारही भाग पुन्हा काढतो आहे. त्यानं शेवट जरा आशादायी करता येईल का, असं विचारलं. विमलताईंनी त्याला अल्बम पाठवला आणि म्हणाल्या, आधी शेवटपर्यंत ऐका. त्यानं ऐकला असावा. पुन्हा विचारलं नाही.

नवीन मुलं मिक्सिंग शिकायला येतात तेव्हा विचारतात, क्लायंटचं किती ऐकायचं? मी सांगते, सगळं ऐकायचं. त्याला जे आवडेल ते बिनधास्त देऊन टाकायचं. त्याला जे खटकेल, त्याचा बॅकअप दोन ठिकाणी ठेवायचा.